वॅगनआर मिसिंग मारते? आधी कॉइलची अदलाबदल करा

तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं थरथरतं. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग हलतं, ते मिसिंग नव्हे. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. मग ठरावीक लयीत एक ठोका गळतो, सायलेन्सरमधून फट-फट ऐकू येते आणि घाटात चौथ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला की गाडी हिसके देते. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या सायलेन्सरच्या वाटेवरच्या डब्यात, जाऊन पेटतं. आतली जाळी वितळून चोंदली की प्लगवर भागणारं काम कित्येक हजारांवर जातं.

इथे उदाहरण घेतलंय मारुतीच्या ९९८ सीसी के१०बी इंजिनाचं. २०१० ते २०२२च्या सुमाराच्या एक लिटर वॅगनआर आणि आल्टो के१०मध्ये हे आहे. यात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) बसते, म्हणून दोष शोधणं सोपं. शेजारी दोन चांगले सिलिंडर तुलनेला तयारच असतात!

गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा अडॅप्टर मोबाइलला जोडून इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ म्हणजे अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा सिलिंडर. मोजणी टायमिंग चेनच्या बाजूने. समजा पी०३०१ आला. इंजिन गार होऊ द्या, इग्निशन बंद करा आणि पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदला. कोड पुसून गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेली, विषय संपला. पी०३०१च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच वस्तू हलवायची. सरसकट तिन्ही कॉइल बदलून देणाऱ्या गॅरेजला नेमकं काय बिघडलं होतं ते शेवटपर्यंत कळत नाही, बिल मात्र तिन्हींचं होतं.

कॉइल काढलीच आहे तर तिच्या खालचा रबरी बूट आणि प्लगची विहीर (प्लग ज्या खोल भोकात बसतो ते) टॉर्च मारून बघा. विहिरीत ऑइल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं. पाणी असेल तर इंजिन प्रेशरने धुतलंय किंवा पावसाचं पाणी उतरलंय. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर स्पार्क टोकाला न जाता तिथूनच बॉडीला उतरतोय. अशा वेळी प्लगबरोबर बूटही बदला, नाहीतर जुना बूट नवा प्लगही खातो. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर वायरिंगवर एकदा हात फिरवाच.

विहिरीतला कचरा हवेने उडवल्याशिवाय प्लग सोडू नका, तो थेट सिलिंडरमध्ये पडतो. प्लगच्या टोकांमधली फट, म्हणजे गॅप, मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. नवा प्लग आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की काम महागात पडतं.

सीएनजीच्या गाडीत एक गोम आहे. गॅसच्या मिश्रणात स्पार्क पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून गॅप वाढलेला प्लग किंवा कमजोर कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर उघडी पडते. त्यामुळे ‘फक्त गॅसवर मिसिंग’ म्हणताच किट उघडायला घेऊ नका. आधी प्लग, कॉइल. मग गॅसचा फिल्टर, रिड्युसर (गॅसचं प्रेशर कमी करणारा भाग) आणि गॅस इंजेक्टर.

पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. सोबत पी०१७१ असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. आयडलला गाडी अडखळते आणि रेस केली की सुधारते, तर इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा व्हॅक्यूमचा फाटलेला पाइप शोधा. उलट लोड आल्यावरच दम तोडते, तर पेट्रोल पंपाचं प्रेशर मोजून घ्या.

एवढं करूनही तोच सिलिंडर मरत असेल तर कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे सिलिंडरमधला दाब गेजने मोजा. तिन्ही प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला काटा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. एका आकड्यापेक्षा तिघांमधला फरक महत्त्वाचा: एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. त्यातही गाडी बरीच वर्षं सीएनजीवर पळालेली असेल तर हेड उतरवण्याआधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली बारीक फट) मोजायला सांगा. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, क्लिअरन्स उरत नाही आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही.