९६ पर्सेंटाइल आणि १४ मार्क

लॉच्या सीईटीचा निकाल लागला की माझ्या दुकानात आठ-दहा दिवस एकच प्रश्न असतो. "ताई, एवढ्या पर्सेंटाइलवर नंबर लागेल का?" नंदुरबारला स्टेशन रोडला माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शिष्यवृत्ती, पोलीस भरती, सातबारा असं सगळंच चालतं, पण प्रवेशाचे फॉर्म हे माझं जिव्हाळ्याचं काम. २०१६ पासून महाराष्ट्रात लॉचे प्रवेश सीईटीवर व्हायला लागले, तेव्हापासून तीन वर्षांच्या एलएलबीची मुलं येतात. शहाद्याची, तळोद्याची, दोंडाईच्याची, वर धडगाव-अक्कलकुव्याचीही.

त्या दिवशी कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, नोंदणीची मुदत संपत आली होती. सर्व्हर रडतखडत चालला होता आणि दुकानाच्या ओट्यापर्यंत माणसं होती. दोंडाईच्याकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील बाजार समितीत हमाली करतात. मुलाच्या हातात प्लास्टिकची फाइल, आणि फाइलमध्ये सगळ्यात वर एक रंगीत प्रिंट. एका मोठ्या शहरातल्या मार्गदर्शनवाल्याला तीन हजार रुपये देऊन ती काढून आणलेली. तिच्यावर कॉलेजांची नावं आणि प्रत्येकासमोर शक्यतेचा आकडा. पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजसमोर ८७ टक्के.

वडिलांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "ताई, मना पोऱ्याना नंबर लागी ना?"

मुलाचं पर्सेंटाइल ९६ च्या थोडं वर होतं. खरोखर चांगलं. ९६ पर्सेंटाइल म्हणजे ९६ टक्के मार्क नव्हेत, हे मला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. १२० प्रश्नांच्या पेपरात ९६ टक्के मिळवणारा विरळाच. पर्सेंटाइल म्हणजे त्याच्या सत्रात बसलेल्या दर शंभरांतले ९६ जण त्याच्या बरोबरीला किंवा मागे. समजा साठ हजार मुलं बसली, तर याच्या पुढे साधारण २,४०० असतील. पुण्या-मुंबईच्या जुन्या कॉलेजांकडे सगळे धावतात आणि एक तुकडी असते ६० जागांची. म्हणजे ९६ वरसुद्धा तिथे खुल्या प्रवर्गात खात्री देता येत नाही. पण नाशिक, धुळे, जळगाव इकडे त्याला अडचण यायला नको होती.

मी कोणाचंही पर्सेंटाइल नंतर बघते, आधी मार्कशीट मागते. सहाही सेमिस्टरच्या. त्याने फक्त शेवटच्या वर्षाच्या काढल्या. "ताई, तिसऱ्या वर्षाला ५२.६७ टक्के आहेत. त्या सरांनी तेवढंच विचारलं." मी म्हटलं, "बाकीच्या दे."

बी.कॉम., दर वर्षी १२०० मार्कांचं. तिसऱ्या वर्षी ६३२. दुसऱ्या वर्षी ५१२. पहिल्या वर्षी ४६२. मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, मग कागदावर केली, मग त्यालाच करायला लावली. ३६०० पैकी १६०६. म्हणजे ४४.६१ टक्के.

तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के लागतात. इतर मागास, भटके-विमुक्त, विशेष मागास यांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. ही अट बार कौन्सिलच्या नियमांतून आलेली आहे, कॉलेजच्या मर्जीवर नाही. टक्के सगळ्या वर्षांचे मिळून धरतात. आणि इथे ४४.६१ चे ४५ होत नाहीत. ४४.९९ चेही होत नाहीत. ३६०० चे ४५ टक्के म्हणजे १६२०. पोरगा १४ मार्कांनी बाहेर होता. त्याचा प्रवर्ग खुला, दुसरा कुठला दाखला निघण्यासारखा नव्हता. मी सगळं विचारून पाहिलं.

मला त्या ८७ च्या आकड्याचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही. ज्याने तो काढला, त्याने ९६ पर्सेंटाइल घेतलं, मागच्या वर्षी त्या कॉलेजात लागलेला शेवटचा नंबर घेतला, दोघांतलं अंतर मोजलं आणि त्याला शक्यता म्हटलं. दारातून आत जाता येतंय का, हे बघितलंच नाही. आमच्याकडच्या लोकांसाठी तीन हजार म्हणजे हमालीचे कितीतरी दिवस. घेणाऱ्याने निदान सहा मार्कशीट बघायच्या होत्या.

लोकांना वाटतं मार्क आणि टेस्ट दोन्ही मिळून एक गुण बनतो आणि त्यावर यादी लागते. अमेरिकेत लॉच्या प्रवेशाला पदवीचे ग्रेड आणि एलसॅट ही तिथली प्रवेश परीक्षा दोन्ही शेजारी ठेवून बघतात, एक कमी असलं तर दुसरं थोडंफार सावरून घेतं. आपल्याकडे तसं नाही. पदवीचे टक्के हे दार आहे आणि सीईटी ही रांग. दार ओलांडलं की तुमचे ४६ आहेत की ७६, याने रांगेतली जागा सहसा हलत नाही. आणि दारच ओलांडता आलं नाही, तर रांगेत पहिला असूनही उपयोग नाही.

मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. वडिलांना लवकर समजलं नाही. ते म्हणाले, "पण ताई, ९६ शे ना?" मग समजलं. मग विचारलं, "आते काय करानं?"

पहिल्या वर्षी एवढे कमी का पडले, हे मी विचारलं. तो पहाटेपासून दुपारपर्यंत इथल्याच मिरची पथारीवर जायचा. ज्यांनी नंदुरबारच्या पथारी पाहिल्या नसतील त्यांना सांगते, हंगामात शहराबाहेर मोठमोठ्या मोकळ्या जागांवर लाल मिरची वाळत घातलेली असते. तिथे दिवसभर उभं राहिलेल्या माणसाचे डोळे आणि हात संध्याकाळीही चुरचुरतात. त्या हाताने वही धरवत नाही, असं तो म्हणाला. त्या वर्षी वडिलांची पाठ गेली होती. दुसऱ्या वर्षी काम थोडं कमी झालं, तिसऱ्या वर्षी सुटलं. मार्कही त्याच क्रमाने वाढत गेले. ४६२, ५१२, ६३२. त्या तीन आकड्यांत घरची सगळी परिस्थिती दिसत होती, पण नियम फक्त बेरीज बघतो.

त्याच बाकड्यावर, त्यांच्या शेजारी, धडगावकडची एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर थांबलेली होती. पावरा या आदिवासी समाजाची. बी.ए. ५८ टक्के. सीईटीचं पर्सेंटाइल ५२. तिलाही एकाने सांगितलं होतं, पण उलटं. "५२ वर काही होत नाही, मॅनेजमेंटची सीट घ्या, मी बघतो," असं म्हणून पैशाचा आकडाही सांगितला होता. वडील त्यासाठी शेळ्या-बोकड विकायला निघाले होते.

तिच्या बाबतीत मी आधी कागद बघितले. जमातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र. आमच्या भागात निम्मे प्रवेश पर्सेंटाइलवर नाही, वैधतेवर अडतात. दाखला असतो, पण तो खरा असल्याची पडताळणी समितीकडून वैधता काढलेली नसते, आणि मुदत संपेपर्यंत कोणी सांगत नाही. या मुलीने बारावीतच अर्ज करून ठेवला होता. तिच्या आश्रमशाळेच्या एका मास्तरांनी सगळ्या वर्गाकडून अर्ज भरून घेतले होते. त्या मास्तरांना मी ओळखत नाही, पण त्या दिवशी मनापासून त्यांचे आभार मानले.

मग मागच्या वर्षीच्या याद्या उघडल्या. त्या कशा वाचायच्या हे मी येणाऱ्या प्रत्येकाला शिकवते, कारण ते एकदा आलं की कोणी फसवू शकत नाही. शेवटचा नंबर हा कॉलेजने ठरवलेला नसतो. मागच्या वर्षी कोणकोणत्या मुलांनी ते कॉलेज मागितलं, त्यांतला जो शेवटी आत गेला, त्याचा तो नंबर. यंदा मुलं वेगळी, त्यांच्या आवडी वेगळ्या, एखाद्या कॉलेजची तुकडी वाढलेली किंवा परवानगी अडकलेली. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नये, दोन-तीन वर्षांचे बघावेत, आणि फक्त पहिल्या फेरीचा नव्हे तर शेवटच्या फेरीचाही बघावा. पहिल्या फेरीत धुळ्याला लागलेला मुलगा दुसऱ्या फेरीत पुण्याला गेला की धुळ्याची जागा मोकळी होते. मग यादी खाली सरकते.

आणि आपला नंबर आपल्या प्रवर्गाच्या यादीत बघायचा. सगळ्यांच्या यादीत ५२ पर्सेंटाइलच्या पुढे साठ हजारांत २८,८०० जण असतील, ते बघूनच माणूस खचतो. पण राज्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण आहे, ६० च्या तुकडीत साधारण चार जागा. त्या जागांसाठी तिच्या पुढे किती जण आहेत, एवढाच प्रश्न. मागच्या याद्यांत धुळे-जळगावकडे त्या जागा तिसऱ्या फेरीपर्यंत भरत गेलेल्या दिसत होत्या, तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवर. मी वडिलांना म्हटलं, "बोकड विकू नका. त्या माणसाला फोन करू नका."

ओट्यावरच्या एकाने ते ऐकलं आणि मोठ्याने म्हणाला, ९६ वाल्याला नाही आणि ५२ वालीला मिळतंय, बघा. मी काम थांबवून त्याला उत्तर दिलं, कारण ती मुलगी समोर बसली होती. या मुलाची जागा हिने घेतलेली नाही. तो ज्या अटीवर अडला, तिथे कोणाशीच स्पर्धा नव्हती. आणि हिचे पदवीचे टक्के ५८ आहेत, म्हणजे ४० ची सवलत हिला लागलीच नाही. खुल्यांचं ४५ चं दारही हिने ओलांडलं आहे. घरात पावरी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी कॉलेजात आल्यावर हाताळलेली मुलगी १२० प्रश्नांच्या पेपरात, ज्यात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ४० प्रश्न इंग्रजीचे असतात, राज्यातल्या अर्ध्याहून जास्त मुलांच्या पुढे आली. याला मी कमी म्हणणार नाही. दोंडाईच्याचा मुलगा स्वतःच म्हणाला, "काका, तिचं काय त्याच्यात?" तेव्हा तो माणूस गप्प झाला.

तिला मी पसंतीक्रमाचं समजावलं. इथे जवळजवळ सगळे चुकतात. मुलं मिळण्यासारखं कॉलेज वर टाकतात, की आवडीचं वर टाकलं तर मिळण्यासारखं हातचं जाईल. तसं होत नाही. संगणक तुमच्या नंबरावर आला की तुमची यादी वरून खाली बघतो आणि जिथे जागा दिसते तिथे थांबतो. वरचं नाही मिळालं म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. म्हणून जे खरोखर हवं ते वर, आणि जिथे जाणारच नाही ते यादीतच नको. मात्र पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर ते घ्यायचंच, होस्टेल-जेवणाचा हिशोब आधी करून. तिने पुण्याचं आयएलएस वर टाकायचं ठरवलं, १९२४ सालचं कॉलेज, नाव ऐकून होती. खाली धुळे, मग जळगाव. "पुण्याला लागलं तर जाशील?" विचारलं. वडील म्हणाले, जाईल. त्यांचा वनहक्काचा दावा कित्येक वर्षं अडकलेला आहे, २००६ च्या कायद्याखालचा, आणि प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. ती म्हणाली तिला वनहक्काचंच काम करायचं आहे.

ती दुसऱ्या फेरीत धुळ्याला लागली.

मुलाचं काय केलं ते सांगते. फॉर्ममध्ये ५२.६७ टाकून बघू या, असं वडील एकदा म्हणाले. मी नाही म्हटलं. तपासणीत अर्ज परत येतो, आणि कसा तरी पुढे गेला तर प्रवेश झाल्यावर रद्द होतो. तेव्हा फी, वर्ष, दोन्ही जातं. सीईटीचा गुण त्याच वर्षापुरता असतो, त्यामुळे ते ९६ यंदा कामाला येणार नव्हते आणि पुढच्या वर्षी परत पेपर द्यावा लागणार होता. काही विद्यापीठांत श्रेणीसुधाराची सोय असते, नियम वेगवेगळे. मी त्याला कॉलेजात लेखी विचारायला पाठवलं, पहिल्या वर्षाचे विषय पुन्हा देता येतात का आणि सुधारलेले मार्क एकूण बेरजेत धरतात का. दुसरा अर्ज सीईटी कक्षाच्या मदत केंद्राकडे, की असे मार्क पात्रतेला चालतात का. दोन्हीकडून लेखी हो आल्याशिवाय एक रुपया भरू नकोस, हे तीन वेळा सांगितलं. त्याने दोन्ही अर्ज माझ्याच टेबलावर बसून लिहिले. अक्षर सुंदर आहे त्याचं. कॉलेजचं उत्तर आलं आहे, दोन विषय देता येतील. मदत केंद्राचं यायचं आहे, आणि त्याने सीईटीची पुस्तकं विकलेली नाहीत.

आता मी जून-जुलैत आमच्या भागातल्या कॉलेजांत स्वतः जाते आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात दहा मिनिटं मागते. प्राचार्य सहसा देतात. फळ्यावर ४५, ४२, ४० लिहिते आणि पुढे सहा सेमिस्टरची बेरीज करून दाखवते. पहिल्या वर्षाला कोणी विचारत नाही, असं सिनियर मुलं सांगतात, ते वकिलीला जाणाऱ्यासाठी खोटं आहे, हे तिथेच सांगते. मागच्या बाकावरची कामावरून आलेली मुलं अर्धी झोपेत असतात. त्यांच्याजवळ जाऊन सांगते.