डिकीची काच आणि लाल धुळीची रेघ

पावसाळ्यात चिपळूणमध्ये गाडीत पाणी शिरल्याच्या तक्रारी रोजच्याच. त्यामुळे जुलैत एक शिक्षक त्यांची जुनी हॅचबॅक घेऊन आले आणि "स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतंय" म्हणाले, तेव्हा त्यात वेगळं काही वाटलं नाही. वेगळं होतं ते त्यांच्या पत्नीने, मॅडमनी, सांगितलेलं. कुंभार्ली घाटातून कराडला जाताना मागे बसलेल्या मुलीचं डोकं दुखतं, मळमळतं. घाट लागतो असं घरच्यांनी धरून चाललं होतं. पण घाट संपल्यावरही डोकं उतरत नाही, आणि पुढच्या काचा खाली केल्या की उलट जास्त दुखतं.

काचा उघडल्यावर त्रास वाढतो, हे ऐकून मी आधी मागचा दरवाजा गाठला. हॅचबॅक वेगात असली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. पुढच्या काचा उघडल्या की गाडीच्या आतलाही दाब घटतो. अशा वेळी मागे कुठे फट असेल तर तो धूर आत ओढला जातो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि डोकेदुखी-मळमळ ही त्याची सुरुवातीची लक्षणं आहेत.

डिकीच्या दरवाजाचं आतलं प्लास्टिकचं कव्हर उतरवलं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून पंख्यासारखी पसरलेली लाल धूळ दिसली, आपल्या जांभ्या मातीची, उन्हाळ्यात आत गेलेली. पाणी कुठूनही ओघळत येऊन भलत्याच जागी साठतं. धूळ मात्र जिथून हवा शिरते तिथेच रेघ ओढते. बाहेरून त्या कोपऱ्यावर अंगठा दाबला तर काच हलली.

ही काच आधी एकदा फुटून बदललेली होती. कुठे बदलली ते मी विचारलं नाही, कशाने चिकटवली ते दिसतच होतं. कटरने कड उचलली तर पारदर्शक रबरासारखी लांब पट्टी सोलून हातात आली. सिलिकॉन. गाडीच्या काचेचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, काळा असतो आणि असा सोलून येत नाही. तो कापावा लागतो. हे बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन होतं. ते सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून ॲसिटिक आम्ल बाहेर पडतं, आणि ते आम्ल उघड्या पत्र्याला खातं. पट्टीखाली गंजाचे फोड आलेच होते.

सरांनी विचारलं, "अहो, मुंबईतल्या टॉवरच्या काचा सिलिकॉननेच चिकटवतात ना?" प्रश्न अगदी रास्त होता. चिकटवतात. पण ते स्ट्रक्चरल सिलिकॉन वेगळं असतं. काच आणि ॲल्युमिनियम ठरलेल्या पद्धतीने साफ करून, मोजलेल्या रुंदीत ते भरतात. उन्हाला ते पीयूपेक्षा जास्त टिकतं, हेही खरं. गाडीत मात्र दरवाजा रोज आपटतो, बॉडी पिळवटते, आणि काचेने पत्र्याला घट्ट धरून ठेवणं अपेक्षित असतं. तिथे पीयूच लागतो. उन्हापासून त्याचं रक्षण काचेच्या कडेची ती काळी पट्टी करते. तिच्या मुख्य कामांपैकी ते एक.

त्यांच्या मेव्हण्यांनी एम-सील भरायला सुचवलं होतं. इपॉक्सी कडक होते, लवत नाही. डिकीची काच टफन्ड असते, कडेला ताण आला तर एका क्षणात तिचे बारीक तुकडे होतात. ब्युटाइल टेपचाही, म्हणजे चिकट रबरी पट्टीचाही, विचार मनात आला, कारण तिला सुकायला काही लागत नाही आणि बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. पण ब्युटाइल कधी सुकतच नाही. ते पाणी अडवेल, काच धरणार नाही. एमएस पॉलिमर या आणखी एका चिकट सीलंटची ट्यूबही शेल्फवर होती. त्यात पीयूसारखं आयसोसायनेट हे त्रासदायक रसायन नसतं, प्रायमरचे, म्हणजे आधी लावायच्या पातळ थराचे, लाडही कमी. माझ्याकडची ट्यूब मात्र सांधे भरायची होती, काच पेलायची नाही. ट्यूबवर 'ग्लास' लिहिलेलं असलं तरी ती फट भरते की वजन धरते, हे आधी वाचावं.

तर काच बसवायचा पीयू आणि त्याच कंपनीचा प्रायमर, हे ठरलं. दोन्हींवरची तारीख पाहिली. जुना प्रायमर दिसायला चांगला असला तरी पकडत नाही. पण कोणता पीयू यापेक्षा मोठा प्रश्न होता तो चिकटणार कशाला. सिलिकॉन निघालं तरी त्याचा न दिसणारा थर मागे राहतो, आणि त्या थरावर पीयू काय, रंगसुद्धा बसत नाही. पीयूचं जुनं काम असतं तर एखादा मिलिमीटर थर ठेवून त्यावरच नवा मारला असता, कारण ताज्या कापलेल्या पीयूला पीयू सगळ्यात चांगला धरतो. इथे ती सोय नव्हती. सगळं मुळापासून काढायचं होतं.

डिफॉगरच्या वायरी सोडवून, तार फिरवून काच उतरवली आणि फोमवर ठेवली. काळ्या पट्टीवरून ब्लेड फिरवलं, सिलिकॉन रिमूव्हरने पुसलं, पुन्हा घासलं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. खात्री करायला त्यावर पाण्याचा फवारा मारला. सिलिकॉन राहिलेलं असेल तिथे पाणी थेंबाथेंबाने गोळा होतं, स्वच्छ काचेवर पसरतं. कोपऱ्यात ते गोळा झालं, म्हणून तेवढा भाग परत केला. पत्र्यावरचा गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढला, आणि शेजारच्या पेंटरकडून इपॉक्सी प्रायमर मारून घेतला. तो पूर्ण सुकेपर्यंत गाडी ठेवून घेतली. मॅडमना घाई होती, पण कारण सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, "राहू दे दादा, नीट करा."

चिपळूणच्या जुलैत पीयू लावणं हे एक वेगळंच काम आहे. पीयू हवेतल्या ओलाव्याने सुकतो. 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता धरली तर 24 तासांत साधारण 3 ते 4 मिलिमीटर. आपल्याकडे ओलावा भरपूर, त्यामुळे वरची साय लवकर धरते आणि काच टेकवायला वेळ कमी मिळतो. साय धरल्यावर टेकवलेली काच चिकटल्यासारखी वाटते, पण चिकटलेली नसते. दुसरं म्हणजे गार काचेवर दव बसतं. हवेतला ओलावा हवा, पृष्ठभागावरचा पाण्याचा थर नको. म्हणून हीट गनने काच आणि पत्रा किंचित कोमट केला, प्रायमर लावला, तो सुकू दिला, मगच पीयूची गन हातात घेतली.

नोझलला व्ही आकाराचा काप दिला, म्हणजे बीड, पीयूची ओढलेली रेघ, त्रिकोणी, उंच येते आणि काच दाबल्यावर सगळीकडे सारखी पसरते. कुठेही न थांबता एकच फेरी मारली; जोड खालच्या बाजूला ठेवला. आम्ही दोघांनी सक्शन धरून काच टेकवली, खाली ठोकळे दिले, वर टेप मारली, कारण उभी काच आपल्या वजनाने घसरते. हातमोजे घातलेले होते. हा पीयू हाताला लागला की फणसाच्या चिकासारखा सुटत नाही, आणि आयसोसायनेट अंगाला लागणं बरंही नाही.

दरवाज्याची एक काच थोडी खाली ठेवून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं तर आतल्या हवेचा दाब ताज्या बीडला आतून ढकलतो आणि तिथे बोगदा होतो.

तपासणी पूर्ण सुकल्यावर केली. बाहेरून साबणाचं पाणी लावलं, आत ब्लोअर पूर्ण वेगात सुरू केला, काचा बंद. कडेला कुठेही फुगा आला नाही. मग नळीने खालून वरपर्यंत हळूहळू पाणी सोडलं. स्टेपनीचा खड्डा कोरडा राहिला.

तरीही गाडी लगेच त्यांच्या हातात दिली नाही. लिफ्टवर चढवून पाहिलं तर मागच्या सायलेन्सरच्या जोडाजवळ काजळी जमलेली होती, जोड फुटलेला. धूर तिथूनच निघत होता, काचेच्या फटीने फक्त त्याला आत घेतलं होतं. मी सरांना सांगितलं की हा जोड दुरुस्त झाल्याशिवाय मुलीला मागे बसवून घाटात जाऊ नका, आणि तिला एकदा डॉक्टरांनाही दाखवा. गाडी तशीच शेजारच्या मेकॅनिककडे गेली. बिलाच्या मागे मी पीयूचं नाव, बॅच नंबर आणि लावल्याची तारीख लिहून दिली, म्हणजे पुढे कधी कुणी ही काच काढली तर कुठला थर कापायचा ते त्याला कळेल.