तुम्ही विचारलंत म्हणून: ती पोरं परत येतात का?

आमच्या चर्चच्या कापणीच्या सणाला पाहुणा आला की अर्पणाच्या लिलावात पाच किलो तांदळाला दोन हजारांची बोली लागलेली बघतो, पैसा मेडिकलच्या पोरांना जातो कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मास्तर, शिकून परत येतात का ती? आजवर "येतात हो" म्हणून विषय बदलला. आज नीट सांगतो.

आदिवासी पोरांची फी बरीचशी सरकार भरतं, पण स्कॉलरशिप खात्यात पडेपर्यंत मेस, पुस्तकं, एस्टीचं भाडं कोण देणार, तेवढंच चर्चची मंडळी देते, वर्षाला 24 हजार. नीटची परीक्षा पोरगं स्वतःच्या जोरावर काढतं, आम्ही डॉक्टर "बनवतो" असं मी कधी म्हटलेलं नाही. म्हटलं असेल तर चुकलो.

आणि का देतो? नवापुरात सिरियस केस झाली की तोंड सुरतेकडे. दवाखान्यात डॉक्टरला मावची, म्हणजे आमची आदिवासी बोली, येत नाही, म्हातारीला मराठी जेमतेम, मधली सिस्टर सांगेल तो आजार. पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात वेल्लोरच्या मिशनरी डॉक्टर आयडा स्कडर बाईंचं सांगितलं होतं, पुरुष डॉक्टरला बायका दाखवत नव्हते म्हणून त्यांनी 1918 ला मुलींनाच डॉक्टरकी शिकवायला घेतली. त्याच मीटिंगला मी उठून म्हणालो, चर्चचं कंपाउंड नंतर बांधू, आधी आपली पोरगी शिकू दे.

ती पहिली पोरगी. धुळ्याला साडेचार वर्षं, मग इंटर्नशिप. सरकारी बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, 1 वर्षही तिने एका आरोग्य केंद्रात काढलं, 10 लाख भरून सुटायला पैसे होते कुठे. क्वार्टर गळकं, रात्री एकटी, दारू पिऊन आलेले पेशंटचे नातेवाईक दार वाजवायचे, हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे फोन करून झाल्यावर.

सणाचा दिवस होता. एका आजीने अंडी देणारी कोंबडी अर्पण केली होती, तिच्याकडे दुसरी नव्हती. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, तुमची डॉक्टरीण सुरतला प्रायव्हेटला लागली. मी तिथेच, चर्चच्या पायरीवर उभा राहून फोन लावला, लोक ऐकत होते तरी थांबलो नाही, म्हणालो म्हातारीची कोंबडी खाऊन सुरतला पळालीस होय. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, मोजून ठेवलंय मी. परत करते."

चार महिन्यांत 1 लाख 44 हजार आले. सहा वर्षांचे, एक रुपया कमी नाही. तिचे वडील त्यानंतर उपासनेला आलेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, तुमचं काय चुकलं, मंडळीचा पैसा होता. मीही वर्षभर हेच म्हणत होतो. अर्पण म्हणजे उधारी नाही हे रविवारच्या शाळेत पोरांना मीच शिकवलं ना? पण मग ती आजी? तिला काय सांगू, तिने तर डॉक्टर यावी म्हणूनच दिली होती. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र बसत नाही.

आणि हेही सांगतो, आमच्याकडचं कोणी सुरतला ॲडमिट झालं की सगळे तिलाच फोन करतात, ती ड्युटी संपवून येते, मावचीत समजावून सांगते. माझ्या बायकोच्या वेळीही आली होती. फोन पुतण्याच्या मोबाईलवरून लावला होता, माझ्या नाही. मी खाली चहाच्या टपरीवर बसून राहिलो.

यंदा एक पोरगा नंदुरबारच्या कॉलेजात लागलाय, 2020 ला निघालं ते. घराजवळ आहे, थांबेल असं वाटतं, पण वाटणं मागेही होतं. मंडळीच्या पंचांना त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून हवंय, पाच वर्षं तालुक्यात राहीन म्हणून. ही मागणी पूर्वी माझीच. कागद टाईप होऊन आलाय, सेक्रेटरी म्हणून सही माझी लागते, अजून केलेली नाही. आणि ते 1 लाख 44 हजार कुठल्या नावाने जमा धरायचे हे खजिनदार दर मीटिंगला विचारतो, तोवर वहीत "अनामत" लिहून ठेवलंय.