रनिंग बोर्डातला तेलाचा डबा

"गंजावर यातलं कुठलं मारायचं, एवढंच येऊन सांग," असा सरांचा फोन आला. दहा मिनिटांचं काम म्हणून रविवारी सकाळी भाट्याला गेलो, तो दिवेलागणीला घरी परतलो.

सरांनी मला शाळेत गणित शिकवलं, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. दहावीनंतर मी पत्र्याच्या कामाला लागलो आणि आता रत्नागिरीत माझं स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. सरांची १९८६ सालची पांढरी प्रीमियर पद्मिनी (आमच्याकडे तिला फियाटच म्हणतात) कित्येक वर्षं मांगरात उभी होती. निवृत्तीनंतर ती घरच्या घरी दुरुस्त करून पुन्हा चालती करायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. मुलाने पुण्याहून चार डबे पाठवले होते. रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं रूप पालटणारं आम्लाचं औषध), झिंकचा म्हणजे जस्ताचा स्प्रे, टू-पॅक इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली द्यायचा, दोन भाग मिसळून लावायचा हात) आणि गाडीच्या पोटाला मारायचं काळं रबराइज्ड कोटिंग. पाचवा डबा इथल्याच बाजारातला, रेड ऑक्साइडचा. पाचही ओटीवर ओळीने मांडलेले आणि शेजारी वही. वहीत तक्ता आखलेला: नाव, किंमत, टिकाऊपणा. टिकाऊपणाचा रकाना कोरा होता.

"सर, डबे राहू देत. आधी एक जुना स्क्रूड्रायव्हर द्या."

गाडी वरून तशी बरी दिसत होती. सरांनी दोन दिवस आधी ती धुऊन काढली होती. कुठल्या पाण्याने, विचारलं तर म्हणाले, विहिरीच्या. त्यांची विहीर समुद्राला लागून, पाणी मचूळ. म्हणजे गाडीला मिठाची आंघोळ. पत्र्यावर मीठ राहिलं आणि वर रंग बसला, की ते रंगाच्या आडून ओल खेचतं आणि फुगे धरतं. पुन्हा नळाच्या पाण्याने दोनदा धुवा म्हटलं. सरांनी वहीत लिहून घेतलं.

मॅटिंग उचललं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा तपकिरी होता, पण स्क्रूड्रायव्हरला दाद देत नव्हता. उजव्या दाराखालच्या रनिंग बोर्डावर, म्हणजे उंबऱ्यासारख्या पोकळ पट्टीवर, बोटाने टिचकी मारली तर आवाज बद्द. स्क्रूड्रायव्हर टेकवला, नीट दाबलाही नाही, तो मुठीपर्यंत आत.

सरांचा चेहरा पडला. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे रनिंग बोर्ड सडला म्हणजे शोभेचा पत्रा गेला असं होत नाही, गाडीची बरगडी गेली.

गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या आणि मी पाठीवर सरकत पोटाखाली गेलो. खाली सगळीकडे काळं कोटिंग, बघायला एकदम धडधाकट. हॉट एअर गनने जरा शेकून खरवडणी लावली, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा वीतभर तुकडा सुटून आला. मागे ओलसर तांबडा चुरा. तो थेट डोळ्यात. एवढ्यासाठीच चष्मा लावायचा असतो, हे मी पोरांना रोज सांगतो आणि स्वतः विसरतो. हे काळं कोटिंग गंजावर मारलं की सुरुवातीला छान दिसतं. मग दगड लागून कुठेतरी बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाटच राहत नाही. उघडा पत्रा पाऊस गेल्यावर वाळतो तरी. हा वाळतच नाही.

पुढचा तुकडा सुटला आणि माझा हात थांबला. खाली एक ठिगळ होतं. तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा कापून पाच रिव्हेट मारलेले. चार सरळ आणि पाचवा वाकडा. तो वाकडा रिव्हेट मी ओळखला. १९९९ साली पावसाळ्याच्या तोंडावर ही गाडी उस्तादांकडे आली होती आणि मी हाताखालचा पोरगा होतो. "साफ करत बसू नको, पाऊस आलाय, ठोक आणि काळं मार," असा हुकूम होता. मी ठोकलं आणि काळं मारलं. पाणी निचरायची भोकंसुद्धा त्या काळ्याने बुजवून टाकली.

सांगावं की नाही? पडल्या पडल्या दोन मिनिटं विचार केला. मग बाहेर सरकून सांगून टाकलं.

सर काही बोलले नाहीत. आत गेले. मला वाटलं रागावले. एक जुनी डायरी घेऊन आले, पानं उलटली, चष्मा वर केला.

"साडेतीनशे रुपये दिलेत. पुढे शेरा आहे, 'काम चांगले'."

मग चहा झाला आणि वही पुन्हा उघडली. सरांना कुठल्याही गोष्टीचं कारण लागतं. डब्याच्या पत्र्याचं काय चुकलं? म्हटलं, सर, त्याच्यावर कथलाचा मुलामा असतो. तो धड आहे तोवर ठीक, पण ओरखडा पडला की कथील सुखरूप राहतं आणि खालचं लोखंड जोरात गंजतं. जस्ताचं उलटं, ते आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणूनच झिंकचा स्प्रे. पण जस्त उघड्या लोखंडाला चिकटलेलं पाहिजे, गंजावर मारलं तर नुसता राखाडी रंग.

"म्हणजे कुठला डबा चांगला, हा प्रश्नच चुकीचा," सर म्हणाले आणि 'टिकाऊपणा' खोडून तिथे 'जागा' लिहिलं. मला शाळेत एवढ्या लवकर कधी काही कळलं नव्हतं.

रकाना असा भरला. सडलेला पत्रा कापून टाकायचा, त्याला कुठल्याही डब्यात औषध नाही. नवा पत्रा वेल्ड करायच्या आधी, जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे आतून झिंक, कारण नंतर तिथे ब्रश जात नाही. फ्लोअर घासून लखलखीत करायचा आणि त्याच दिवशी इपॉक्सी, समुद्राकाठी उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी पुन्हा तांबूस. कन्व्हर्टर फक्त खड्ड्यांत रुतून बसलेल्या गंजापुरता. तो काळा पडला म्हणजे काम झालं. वर राहिलेलं आम्ल धुऊन, वाळवून मगच प्रायमर, नाहीतर इपॉक्सी नीट धरत नाही. लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, भरायची ती इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही, लांबी पाणी पिते. काळं कोटिंग सगळ्यात शेवटी, तेही चाकांच्या कमानीत, जिथे खडी उडते.

रेड ऑक्साइडचं काय, असं सरांनी केविलवाणं विचारलं. तो त्यांनी स्वतः आणला होता ना. म्हटलं, फाटकाला मारा.

वेळेवरून मात्र थोडा वाद झाला. सरांना पहाटे काम करायची सवय. डिसेंबरात पहाटे पत्रा गार असतो, हात फिरवला तर ओला लागतो. दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, पत्रा निदान ३ अंशांनी गरम पाहिजे. दवबिंदू म्हटल्यावर सरांची कळी खुलली, ते घरातून तापमापक शोधून घेऊन आले. अकरा ते चार, असं ठरलं.

वेल्डिंग मी केलं. पैसे घेतले नाहीत, सरांनी दिलेही नाहीत, डायरी पाहूनच बहुधा. बाकी सगळं सरांनी केलं. एप्रिलात रंग झाल्यावर शेवटचं काम राहिलं, रनिंग बोर्डाच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारायचं. वेल्डिंगच्या आचेने आतलं सगळं जळतं, त्यामुळे हे नंतरच करावं लागतं. भोकं मेणाने बुजू नयेत म्हणून सरांनी आधीच प्रत्येक भोकात खराट्याचा हीर खोचून ठेवला होता. मी खाली पडून एकेक हीर ओढून काढत होतो आणि वरून सर मोजत होते.

"आठ झाले का?"

"सात, सर."

"मोजायला शीक रे. नववीत पण हेच."

आठवा जॅकच्या मागे होता. ओढला तशी मेणाची धार थेट शर्टावर.