आमची वाटचाल: रंगवलेल्या फ्रेममध्ये इंजिन बसवताना

रत्नागिरीत आमचा धंदा सुरू झाला तो टिंकरिंग आणि रंगकामाचा. मोटरसायकलची सुटी फ्रेम यायची, आम्ही ती रंगवून द्यायचो, इंजिन दुसरीकडे चढायचं. थोड्याच दिवसांत त्यातल्या काही फ्रेम, इंजिनला फ्रेमशी धरणाऱ्या पट्ट्यांपाशी रंगाचे पापुद्रे सुटून, परत यायच्या. रंग चांगलाच असायचा. तो नको तिथे राहिलेला असायचा आणि बोल्ट त्याच्यावर आवळलेले असायचे. म्हणून इंजिन-गिअरबॉक्सची बसवणूकही आम्ही हातात घेतली. आता गाडी खुलते आमच्याकडे आणि उभीही राहते आमच्याकडेच. कामं जास्त करून जुन्या बुलेट, येझदी आणि आरएक्स १०० ची.

पहिला नियम तेव्हापासून बदललेला नाही: इंजिन आणि फ्रेम जिथे एकमेकांना टेकतात तिथे धातूला धातू लागला पाहिजे, मध्ये रंग नको. पावडर कोटिंगचा (कोरडी रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजलेल्या रंगाचा) थर साधारण ६० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारावे भाग, असतो. ८० धरला, तर फ्रेमच्या एका लगच्या (बोल्टचं भोक असलेल्या कानाच्या) दोन बाजू आणि तिला दोन्हीकडून धरणाऱ्या पट्ट्यांच्या आतल्या दोन बाजू मिळून ०.३२ मिमी रंग बोल्टच्या पकडीत येतो. इंजिन तापतं, थरथरतं, हा थर हळूहळू दबतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. नट फिरलेला नसतो, तरी पकड गेलेली असते. मग पट्टी हलायला लागते, भोक अंडाकृती होतं, फूटरेस्टमधून पायाला मुंग्या येतात, आणि शेवटी लग नाहीतर पट्टी तडकते. भोकाच्या आत रंग गेला तर व्यास ०.१६ मिमीने कमी होतो, बोल्ट हातोडी मारून घालावा लागतो आणि रंग तिथूनच उडायला सुरुवात होते.

रंगाआधी कोरी जुळणी करायची हे आमच्या कामाचं मर्म. फ्रेम ब्लास्टिंगहून (रेतीच्या माऱ्याने जुना रंग-गंज काढून) आली की प्रायमरच्या आधी इंजिन एकदा पूर्ण बसवून बघतो. सगळे बोल्ट बोटांनी आत गेले पाहिजेत. एखादा अडला तर कारण तेव्हाच शोधायचं: पट्टी वाकलेली आहे, भोक झिजलंय, की अपघातात फ्रेमच पिळली आहे. झिजलेलं भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडतो. पट्टी आणि केसिंग यांच्यात फट दिसली तर फिलर गेजने (मापाच्या पातळ पात्यांनी) मोजून तेवढ्या जाडीचा शिम, म्हणजे पातळ चकती, करून ठेवतो. ही फट बोल्ट आवळून मिटवणं सोपं असतं, पण मग केसिंगचा ॲल्युमिनियमचा कान कायम ताणाखाली राहतो आणि एक दिवस तुटतो. स्प्रॉकेटची रेषाही आत्ताच बघायची. स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) आणि मागचं चाक लावून गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटपासून मागच्या स्प्रॉकेटपर्यंत सरळ पट्टी धरली की फरक लगेच दिसतो. वेल्डिंग, तासणं, वाक काढणं, जे काही करायचं ते इथेच संपतं. रंगानंतर फ्रेमला ग्राइंडर लागायचा नाही.

आपल्या किनाऱ्यावर ब्लास्टिंग झालेलं कोरं लोखंड रात्रभर ठेवता येत नाही. खाऱ्या दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस साय धरते. म्हणून कोरी जुळणी दुपारपर्यंत उरकायची आणि त्याच दिवशी जस्ताचा प्रायमर मारायचा. मधल्या वेळात फ्रेमला उघडा हात लावायचा नाही, घामातही मीठ असतंच. ब्लास्टिंगची रेती नळ्यांत अडकून राहते. फ्रेम उलटी टांगून, लाकडी हातोडीने ठोकत, हवेच्या दाबाने ती निघेपर्यंत काढतो. ती पुढे स्विंग आर्मच्या बुशात किंवा हँडलच्या बेअरिंगमध्ये उतरली तर नवे भाग खाऊन टाकते.

जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर आलेल्या गाड्यांनी आतल्या बाजूचा धडा पक्का केला. बाहेरून धड दिसणाऱ्या फ्रेमच्या नळ्यांत वाशिष्ठीचा गाळ वाळून बसला होता, आणि तो ओल धरून लोखंड आतून खात होता. आता प्रत्येक फ्रेमच्या नळ्या धुऊन, वाळवून, रंगानंतर आत पातळ केलेलं गंजरोधक मेण फवारतो. पाणी निथळायची मूळ भोकं असतील ती मोकळी ठेवायची, लांबीने (पुटीने) बुजवायची नाहीत. पावडर कोटिंग करायचं असेल तर साधी लांबी वापरायचीच नाही. भट्टीत १८० ते २०० अंशांवर ती फुगते.

रंगाला पाठवताना झाकायच्या जागा आम्ही स्वतः झाकून देतो, कोटिंगवाल्यावर सोडत नाही. इंजिनच्या लगचे टेकणारे चेहरे, बोल्टची भोकं, सगळे आटे, हँडलच्या बेअरिंगचे कप, स्विंग आर्मची पिव्होट, आणि अर्थिंगची तार जोडायचा एक बिंदू. भट्टीत टिकणारी चकती आणि सिलिकॉनचे बूच वापरायचे. चकतीचा व्यास वायसरपेक्षा किंचित लहान, म्हणजे रंगाची कड वायसरखाली जेमतेम जाते आणि लोखंड उघडं राहत नाही. चासी नंबरावर ब्लास्टिंग करायचं नाही आणि जाड थरही चढवायचा नाही, तो वाचता आला पाहिजे. गाडीचा रंग बदलला तर आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते, हे आम्ही काम घेतानाच सांगतो.

रंग पक्का व्हायला वेळ द्यावा लागतो. पावडरची फ्रेम थंड झाली की जोडायला घेता येते. पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र दुसऱ्या दिवशी हाताला सुका लागला तरी आतून कच्चा असतो, त्याला आठवडा हवा.

इंजिन चढवण्याच्या दिवशी आधी सेंटर स्टँड, स्विंग आर्म आणि वायरिंग लावून घ्यायचं. इंजिन बसल्यावर मागच्या कोपऱ्यात हात जात नाही आणि वायर पट्टीखाली चिरडली जाते. फ्रेमच्या नळ्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, वर सुती कापड. पॅकिंगची चिकटपट्टी रंगावर लावायची नाही, तिचा गोंद काढताना चमक जाते. कार्बोरेटर आणि सायलेन्सर इंजिनावर नसावेत.

आरएक्स १०० आणि येझदीत इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये आहे. तिथे इंजिन गादीवर आडवं ठेवून फ्रेम त्याच्यावर उतरवायची. इंजिन उचलून फ्रेममध्ये घालण्यापेक्षा रंग खूप कमी खरवडतो. दोन माणसं लागतात: एकाने फ्रेम धरायची, दुसऱ्याने बोल्ट घालायचे.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं तंत्र वेगळं. गिअरबॉक्स वेगळा असतो आणि क्रँककेसच्या पाठीला बोल्टने पक्का बसतो. फ्रेमची पुढची नळी इंजिनपाशी येऊन संपते, खालून इंजिन धरणाऱ्या नळ्यांचा पाळणा नाही, त्यामुळे इंजिन स्वतःच फ्रेमचा एक तुकडा होतं. ते नीट आवळलं नाही तर सगळी गाडीच लवचिक होते. आम्ही गिअरबॉक्स बाकावरच क्रँककेसला लावतो, दोन्हीचे चेहरे कचरा आणि जुनं गॅस्केट काढून स्वच्छ करून. तो तिरका बसला तर गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टच्या सीलपाशी प्रायमरीचं (इंजिनपासून क्लचपर्यंतच्या चेनच्या डब्यातलं) तेल गळत राहतं आणि सील कितीदाही बदलला तरी थांबत नाही. प्रायमरी चेनचा ताण टेन्शनरने जुळवायचा, थंड असताना मधोमध साधारण ६ मिमी ढील. गिअरबॉक्स मागेपुढे सरकवून ती ताणायची सोय या गाडीत नाही.

फ्रेममध्ये गेल्यावर सगळे बोल्ट आधी सैल घालायचे, नट हाताने. सायलेन्सरचा बेंड आणि ब्रॅकेटही याच वेळी सैल लावायचे, म्हणजे तो इंजिनला खेचून बसत नाही. इंजिन जॅकवर किंचित उचलून, हलवून, आपल्या वजनाने बसू द्यायचं. मग आधी मागचे खालचे बोल्ट, नंतर पुढचे, आणि हेड स्टेडी (इंजिनचं डोकं फ्रेमला धरणारी वरची पट्टी) असेल तर ती सगळ्यात शेवटी. ती आधी आवळली की इंजिन वरून लटकतं आणि खालच्या पट्ट्या पिळल्या जातात. कंपनीच्या पुस्तकात टॉर्क दिला असेल तर तोच. नसेल तर ८.८ या ताकदीच्या दर्जाच्या कोरड्या बोल्टला ८ मिमीसाठी २५ न्यूटन-मीटरपर्यंत आणि १० मिमीसाठी ४५ ते ५०. हे लोखंडात. ॲल्युमिनियमच्या आट्यांना कमी. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावलं असेल तर साधारण पाव भाग कमी करायचा, नाहीतर बोल्ट ताणला जातो.

बोल्ट हा किनाऱ्यावरचा मोठा विषय. स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट मागणारे खूप, पण इंजिनच्या पट्ट्यांना आम्ही जस्ताचा मुलामा दिलेले ८.८ च लावतो. साधा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस ताकदीला त्याच्याहून कमी, आणि खाऱ्या ओलीत तो ॲल्युमिनियमच्या केसिंगला खातो. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली तर तीच निशाणी. स्टेनलेस नट स्टेनलेस बोल्टवर कोरडा आवळला तर मध्येच जाम होतो, कापूनच काढावा लागतो. जुन्या बुलेटमध्ये इंची आटे निघतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे ८ मिमीचा नट एक-दोन आटे चढतो आणि मग अडतो. तिथे जोर लावायचा नाही, आट्याचा गेज लावायचा.

अर्थिंगची तार उघड्या लोखंडावर, खाली काटेरी वायसर, वर ग्रीस. रंगावर लावली तर हेडलाइट लुकलुकतो, आणि सेल्फ स्टार्टची गाडी असेल तर करंट क्लचच्या केबलमधून वाट काढतो. केबल आतून तापून जड होते आणि दोष क्लचला दिला जातो.

मागची चेन २५ ते ३० मिमी ढील ठेवून जोडली की गाडी तापवायची, पूर्ण थंड होऊ द्यायची आणि सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. त्यानंतर ५० किमीला आणि ५०० किमीला. हे दोन फेरे आम्ही मजुरीतच धरले आहेत, कारण जास्तीचे पैसे मागितले की माणसं येत नाहीत. बाहेरगावच्या गिऱ्हाईकाला प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारून देतो. रेघ तुटली तर नट फिरला, हे घरी बसून कळतं. रेघ शाबूत असूनही पट्टीपाशी लाल भुकटी दिसली, तर पकड सुटली आहे. गाडी तशी चालवू नये.

जून ते सप्टेंबर पीयूचं काम आम्ही बंद ठेवतो, दमट हवेत रंगावर पांढरट धूसर चढते. पावसात पावडरच. गणपतीला गाडी हवी असणाऱ्या चाकरमान्यांनी ती मे महिन्यातच सोडून जावी. सोबत आरसीची प्रत आणि जुने नटबोल्ट एका डब्यात द्यावेत, गंजलेले असले तरी. बोल्टची लांबी आणि आटा त्यांच्यावरूनच जुळवतो.