आमची वाटचाल: अ आणि ब

गुहागरातलं आमचं दुकान सुरुवातीला कॉम्प्युटर दुरुस्तीवरच चालायचं. खाऱ्या हवेने गंजलेले बोर्ड साफ करण्यात निम्मा पावसाळा जायचा. पुढे लग्नाचे फोटो काढणारी मंडळी येऊ लागली. त्यांच्या घरी नास, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी. त्यात चार टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क, रेड ५ या पद्धतीने एकत्र जोडलेल्या. एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, म्हणून सगळे निर्धास्त. पण चुकून पुसलेला फोल्डर चारही डिस्कवरून एकदमच जातो आणि घरात पाणी शिरलं तर चारही एकत्रच भिजतात.

म्हणून आम्ही डिस्कचा दुसरा संच ठेवायला सांगू लागलो. महिन्यातून एकदा नास रीतसर बंद करायचा, अ संचाच्या चारही डिस्क काढायच्या, ब संचाच्या चार घालायच्या. रचनेची माहिती डिस्कवरच असते, त्यामुळे अख्खा संच ओळखला जातो. नवं काम दोन्ही संचांत उतरेपर्यंत कॉम्प्युटरवरून पुसायचं नाही. काढलेला संच घराबाहेर ठेवायचा, बहुतेकांचा आमच्याकडेच.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. चिपळूणच्या एका दादांच्या अ संचात मी ब ची तिसरी डिस्क घातली. एक डिस्क कमी आहे, ही वापरून दुरुस्ती करू का, असं नासने विचारलं आणि मी होकार दिला. ब ची ती डिस्क पुसली गेली. लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला. दुरुस्तीला आठ तास लागले, रात्रभर दुकानातच बसून होतो. ब च्या उरलेल्या तीन डिस्कवरून सगळे फोटो उघडले, पण त्यातली आणखी एक बिघडली असती तर तो संच संपलाच होता. सकाळी दादांना जाऊन सगळं सांगितलं. नवी डिस्क आमच्या खर्चाने घातली. तेव्हापासून अ ला लाल पट्टी, ब ला निळी, प्रत्येक डिस्कवर खणाचा क्रमांक, आणि दोन्ही संच एका टेबलावर कधीच ठेवत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्याच दादांचं तळमजल्यावरचं घर बुडालं, नास चिखलात गेला. ब संच आमच्या माळ्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरडा होता. त्याच कंपनीचा नवा नास आणून डिस्क क्रमाने लावल्या. वहिनी शेजारी उभ्या होत्या. पहिला फोल्डर उघडला तो त्यांच्या मुलीच्या बारशाचा.

दादांचा नवा अ संच आम्ही त्याच आठवड्यात भरायला घेतला.