माडावरची पांढरी माशी: काळे कोष सापडले!!

मंडळी, मागच्या वेळी पांढऱ्या माशीला वैतागून लिहिलं होतं ना, की खालच्या झावळ्या तोडून जाळणार म्हणून, ते कॅन्सल. गच्चीला टेकलेल्या आमच्या टी×डी (उंच आणि ठेंगू जातींचा संकर) माडावर एनकार्सिया आलीये, म्हणजे पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडी घालणारी बारीकशी गांधीलमाशी, तिने अंडं घातलं की माशीचा कोष काळा पडतो. कुणी सोडली नाही, आपली आपण.

माशी कुठली ते आता पक्कं झालं. पेरूवरची जुनी चक्राकार माशी वेगळी. माडावरची मोठी, अडीचेक मिलिमीटर, पंखांवर फिकट तपकिरी पट्टे आणि इतकी सुस्त की झावळी हलवली तरी उडायचा कंटाळा. म्हणजे रुगोज चक्राकार पांढरी माशी, भारतात २०१६ ला तामिळनाडूतल्या पोल्लाचीत पहिल्यांदा सापडली तीच. माशीपेक्षा त्रास तिच्या चिकट्याचा (ती सोडते तो गोड चिकट रस), त्यावर काळी बुरशी वाढते आणि खाली केळ, अळू, गाडीची सीट सगळ्यावर काजळी, दोरीवर धुणं घालायची सोय नाही.

आता खरी गंमत. सोनारी दहा एक्स भिंग घेऊन पातीची खालची बाजू बघत बसलो. (मोबाईलला लावायच्या त्या क्लिपवाल्या लेन्सवर पैसे घालवू नका, हात जरा हलला की सगळं धुरकट.) माशीचा मेणासारखा पांढरा कापूस ब्रशने हळूच बाजूला केला तर पांढरट कोषांच्या मधेमधे काळे कोष! बुरशी असेल म्हणून पुसून बघितलं, जात नाही, आतूनच काळे. मग रिकामी टरफलं शोधली. माशी बाहेर पडते तेव्हा पाठीवर टी आकाराची चीर पडते, आणि काहींवर चीर नव्हती, सुई टोचल्यासारखं गोल भोक होतं. ते भोक एनकार्सियाचं, आतल्या पिल्लाला खाऊन कुरतडून बाहेर आलेली. एका पातीवर तर चिरांपेक्षा भोकंच जास्त, अर्धा तास तिथून हललो नाही.

म्हणून आता फवारणी बंद. दुकानदार कुठल्याही किडीला इमिडाक्लोप्रिडचीच बाटली पुढे करतो, ती मारली तर आधी ह्या मिलिमीटरभराच्या बायाच मरणार. निंबोळी तेलही सध्या नको, नुसता पाण्याचा जोरात फवारा, तोही काळे कोष नसलेल्या झावळ्यांवरच. एरंडेल लावलेले पिवळे सापळे पण काढले, त्यात मित्रकीटकही चिकटतात आणि एकदा पाल अडकली होती, ती सोडवताना नाकी नऊ आले.

काजळीवर मात्र स्टार्च जबरदस्त! लिटरला १० ग्रॅम, शिजवून, गार करून केळीवर मारलं, उन्हात वाळलं आणि काळे पापुद्रे आपोआप सुटले, खाली हिरवंगार पान. आई म्हणाली हे एवढं एकच कामाचं केलंस.

पुढचा प्लॅन म्हणजे काळे कोषवाल्या पातींचे तुकडे शेजारच्या काकूंच्या माडाला स्टेपल करायचे, भोकवाले नाही हां, ते रिकामे. पण लिहिता लिहिता डोक्यात आलं, तुकड्यांबरोबर जिवंत माशीही जाणार की तिकडे. मग तुकडे मच्छरदाणीच्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून टांगले तर? एनकार्सिया जाळीतून सुटेल, माशी आतच राहील असं वाटतंय. कुणी करून बघितलंय का? जाळी केवढी घेतली होती?